शनिवारची सुपं

मार्च उजाडला की पेणमध्ये जे काही सपाट दिसेल त्यावर पापड पडतात. गच्ची, खाट, पत्रा, कोणाची नादुरुस्त रिक्षा उभी असेल तर तिचा टपसुद्धा. आमच्या रामवाडीतल्या एका अंगणात मात्र तीसेक वर्षं द्राक्षं वाळली. वाळवणारी मिरियम पेणकर. खाडीचा खारा वारा अंगावर घेत द्राक्षं वाळवणारी बाई म्हटल्यावर लोकांनी तिला वेड्यात काढलं. त्यात पहिला नंबर माझा. मी तेव्हा पेण–रोहा गाडीवर कंडक्टर होतो. मी तिकिटं कमी फाडतो आणि बातम्या जास्त वाटतो, असं आमची ही म्हणायची. ती कधी खोटं बोलली नाही.

मिरियम माहेरची अष्टमकर, म्हणजे रोह्याला नदीपलीकडच्या अष्टमी गावची. साठ-एकसष्टच्या सुमारास लग्न होऊन सॉलोमनच्या घरात आली. सॉलोमन माझा दोस्त. इस्रायली लोकांत, म्हणजे आमच्या कोकणातल्या ज्यूंत, शुक्रवारी सांजेला दिवा लावून घरचा पुरुष प्रार्थना म्हणतो आणि पेल्यातलं काळ्या मनुकांचं सरबत सगळ्यांना घोट घोट देतो. तेव्हापासून शनिवार संपेपर्यंत चूल नाही, काम नाही. मनुका वाण्याकडून आणाव्यात तर आमच्या बाजारात मनुकांच्या गोणीला सुकटीची गोणी टेकलेली. या लोकांना खवल्याचा मासा चालतो; सुकट, कोलंबी, जवळा घरात येत नाही. एकदा मिरियमच्या सासूला निवडता निवडता मनुकांत सुकटीची मिशी सापडली. म्हातारीने सगळी पुडी कोंबड्यांना टाकली आणि म्हणाली, "उद्यापासून मनुका घरात." सासूचा हुकूम, सुनेचे हात. मग शिकली बिचारी. द्राक्षं देठ काढून धुवायची, उकळत्या पाण्यात बुडवून लगेच काढायची म्हणजे सालीला बारीक चिरा पडतात, मग सुपांत एकेक सुटं पसरायचं. वर मलमल. चार वाजता वारा खाडीकडून फिरला की सुपं आत. अशी आठ-नऊ उन्हं. पहिली दोन चुकली तर चालतं, पण साल उघडून रस सुटलेला असतो ते तिसरं-चौथं ऊन चुकलं की द्राक्ष आंबतं. मग कोंबडीसुद्धा तोंड फिरवते.

आणि काळी द्राक्षं यायची बुधवारच्या बाजारालाच, म्हणजे चौथं ऊन नेमकं शनिवारचं. पहिल्या वर्षी म्हातारी म्हणाली, "सुपं बाहेर ठेवणं हेही काम. नाय ठेवायची. दुसऱ्याला सांगायचंही नाय. एक ऊन गेलं तर गेलं." रविवारी मिरियम आंबलेली दोन सुपं उकिरड्यावर ओतत होती, ते शेजारच्या इंदुबाईने पाहिलं. इंदुबाई म्हणजे कान्हूची बायको, मिठागरावर काम करणारी. तीही तेव्हा नवीनच नांदायला आलेली. तिने विचारलं, मिरियमने सांगितलं, विषय संपला. पुढच्या खेपेच्या शनिवारी सकाळी इंदुबाई न बोलवता आली, घरात गेली, एकेक सूप उचलून उन्हात मांडलं आणि निघून गेली. चारला येऊन आत ठेवलं. मिरियम उंबऱ्यात बसून पाहत होती. आभारसुद्धा मानले नाहीत. ते रविवारी, वाटीभर खोबऱ्याच्या वड्या देऊन.

तेव्हापासून मनुकांच्या दोन खेपांचे जे दोन शनिवार असायचे, त्या दिवशी इंदुबाई मिठागरावर खाडा करायची. मुकादम कुरकुरायचा. आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. त्या दोन शुक्रवारी आणि शनिवारी तिच्या घरात सुकट शिजत नसे. कान्हू ताटावर बसून चरफडायचा, "द्राक्षं त्यांची आन् उपास माजा?" जवळ्याशिवाय भाकरी न उतरणारा माणूस तो.

म्हातारी गेली. सॉलोमन धाटावच्या कंपनीत शिफ्टला माझ्याच गाडीने जायचा, तो सत्त्याऐंशीत गेला. मुलगा एझ्रा एकोणनव्वदला इस्राएलला गेला. तिथेच लग्न केलं, मुलगी झाली, शीरा. पेल्यातलं सरबत घ्यायला घरात मिरियम एकटी उरली, तरी मनुका वाळतच राहिल्या. त्यातल्या निम्म्या त्यांच्या प्रार्थनाघराला, सिनेगॉगला, जायच्या. तिथेही प्रार्थनेला लागतात ती दहा पुरुषमाणसं जमवताना सिनेगॉग सांभाळणाऱ्या डॅनियलकाकांची दमछाक व्हायची.

आता माझ्या करणीकडे येतो. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत एक पोलीस आमच्या दारात आला. मिरियम त्या दिवशी अष्टमी गावी भावाकडे गेलेली. पोलीस म्हणाला, "पेणकरबाईंच्या पासपोर्टची चौकशी आहे. शेजारी म्हणून सही करा." मी सही केली. तीस वर्षं ओळखतो, चालचलन उत्तम. पोलिसाची पाठ वळली आणि मी चहासुद्धा न पिता इंदुबाईच्या ओट्यावर.

"इंदुबाय, मिरियमवहिनी चालल्या की."

"कुठं? रोह्याला गेलीय ती."

"रोह्याला पासपोर्ट लागत नाय."

मला मजा येत होती, हे कबूल करतो. इंदुबाई तांदूळ निवडत होती. हात थांबला. तिने एवढंच विचारलं, "तुला तिनं सांगितलं?"

"पोलिसानं."

"म्हंजे पोलिसाला म्हायती, कंडक्टरला म्हायती," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

त्या दिवसापासून ती मिरियमशी बोलली नाही. मिरियमने दोनदा दारात जाऊन हाक मारली. आतून उत्तर नाही. दोन घरांमध्ये हात-दीड हात उंचीचं कुंपण, त्यावरून तीस वर्षं वाट्या गेल्या-आल्या होत्या. वाट्या बंद झाल्या.

मार्चच्या पहिल्या बुधवारी मिरियमने बाजारातून काळी द्राक्षं आणली, दोन करंड्या. इतकी कधी आणत नसे. तिकीट वीस-बावीस तारखेचं होतं. महिनाअखेर त्यांचा वल्हांडण सण. मला म्हणाली, "भाऊजी, शीरा तीन वर्षांची झाली. दुकानातल्या बाटलीतलं पिते. या सणाला तिला आजीच्या हातचं सरबत द्यायचं. मला तिथे दुसरं काय देता येणार?" मी म्हटलं, "तिकडे द्राक्षं पिकतात म्हणे डोंगरच्या डोंगर." ती म्हणाली, "पिकत असतील. इथली नायत ना."

सहा सुपं झाली. बुधवारचं ऊन, गुरुवारचं ऊन, शुक्रवारचं ऊन. शुक्रवारी दिवा लावायच्या आधी तिने सुपं आत घेतली. द्राक्षं सुरकुतली होती, चिकट झाली होती. आता शनिवारचं ऊन हवंच होतं.

शनिवारी दहाच्या सुमारास मी तिच्या अंगणात डोकावलो. अंगण रिकामं. पलीकडे इंदुबाईच्या अंगणात मात्र भलीमोठी चादर आणि तिच्यावर टोपलीभर ओला जवळा पसरलेला. वास असा की मांजरं रांगेने बसलेली. आज, नेमका आजच जवळा. मी काय ते समजलो.

मिरियम उंबऱ्यात बसली होती. मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक, पान उलटत नव्हतं. आतल्या खोलीत सुपांची उतरंड दिसत होती.

"वहिनी, सुपं आतच?"

"आज शनिवार, भाऊजी."

"मी ठेवू का बाहेर?"

त्यावर तिने काहीच म्हटलं नाही. हो म्हणणं म्हणजे सांगणंच झालं. मी चप्पल काढून आत पाऊल टाकलं. तिची नजर माझ्या हातांवर पडली. "भाऊजी, सकाळी काय खाल्लंत?"

मी बोटं नाकाशी नेली. भाकरी आणि सुकटीची चटणी, लसूण घालून. मी उंबऱ्याबाहेर आलो. ती म्हणाली, "राहू दे. एक ऊन गेलं तर गेलं." सासूचं वाक्य. पण म्हातारीने ते म्हटलं तेव्हा पुढचं वर्ष होतं.

आतून वास यायला लागला होता. गोडसर, ताडीसारखा, हलका.

मी तिथून सरळ इंदुबाईकडे गेलो. ती जवळ्यावरची मांजरं हाकत होती.

"काय कंडक्टर, आता कसली बातमी आणलीस?"

"मनुका आंबतात."

"आंबू दे. तिकडं जाऊन ताज्या खाईल."

"इंदुबाय, तुला मी सांगितलं ते त्यांच्या तोंडून येऊ द्यायला हवं होतं. चूक माझी. त्यांच्यावर राग कशाला?"

"तुज्यावर राग धरून काय करू? तुजं तोंड मला म्हायती हाय. तिचं म्हायती नव्हतं." तिने एका मांजराला खडा मारला. "पोलीस यायच्या आदल्या दोन म्हैन्यांत तिनं सहा येळा जेवायला बोलावलं माज्या घरच्यांना. सहा येळा. एकदा बोलली नाय."

"ती द्राक्षं नातीसाठी आहेत. शीरासाठी. सणाला सरबत द्यायचंय."

इंदुबाईने हातातला दुसरा खडा टाकून दिला. मग तिने दोन्ही हात माझ्यासमोर धरले. मिठागरावर तीस वर्षं राबलेले हात. बोटांच्या पेरांत, तळव्यांत मिठाने पडलेल्या भेगा, आणि त्या भेगांत जवळ्याचं पाणी.

"बघ. सकाळपासून पसरतेय. मुद्दाम. आता हे हात घेऊन जाऊ मी?"

तिच्या आवाजात राग उरला नव्हता. मी तिला आयुष्यात प्रथमच घाबरलेली पाहिली.

मग ती मागच्या न्हाणीवर गेली. आधी चुलीतली राख. मग चिंच. मग लिंबाची फोड. भेगांत चिंच आणि लिंबू गेल्यावर काय होतं ते मिठागरावरच्या माणसाला विचारा. ती हूं की चूं करत नव्हती. धुवायची, नाकाशी न्यायची, मान हलवायची, पुन्हा राख. मधेच ओरडून मला म्हणाली, "उभा काय? ती चादर उचल. मागं टाक, वारा तिकडून येतोय." निवृत्त कंडक्टर जवळ्याची चादर छातीशी धरून परसात गेला आणि मागे सगळी मांजरं. रामवाडीत ते दृश्य पुढे वर्षभर पुरलं लोकांना.

साडेबारा वाजले असतील. इंदुबाई लुगडं बदलून आली. हात लाल झाले होते, एका ठिकाणी रक्त दिसत होतं, त्यावर तिने कपड्याची पट्टी बांधली होती. मिरियमच्या दारात थांबली. चौकटीवर ठोकलेल्या, आत प्रार्थनेची चिठ्ठी असलेल्या लहान डबीला मिरियम येता-जाता बोट लावून ओठांना लावते. इंदुबाई कधी लावत नसे, फक्त तिथे डोकं जरा वाकवायची. तशी वाकली आणि आत गेली.

एकेक सूप बाहेर आलं. अंगणात ठेवण्याआधी ती प्रत्येक नाकाशी नेत होती. चार सुपं तिने उन्हात मांडली, मलमल घातली, कडेला दगड ठेवले. खालची दोन सुपं बाजूला, भिंतीला लावून ठेवली, झाकून. मिरियमने ते पाहिलं.

इंदुबाई तिथेच, पायरीच्या खाली, जमिनीवर बसली.

"का नाय सांगितलंस गो?"

मिरियमने पुस्तक मिटलं. "सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, राहा. मी राहिले असते."

"राहिली असतीस तर काय व्हतं?"

"शीराला मी अजून बघितली नाय गो."

इंदुबाईने मान डोलावली. हात लांबवून मलमलीवरचा एक दगड सरळ केला. मग म्हणाली, "पोरीला काय काय खाऊ घालतात तिथं, देव जाणे." एवढंच. चार वाजेपर्यंत दोघी तशाच बसल्या होत्या. मी कुंपणाशी उभा होतो. बोलावंसं वाटलं आणि बोललो नाही, म्हणून त्या शनिवारी माझा घसा दुखला.

दोन सुपं रविवारी उकिरड्यावर गेली. चार सुपांच्या मनुका झाल्या, आठव्या-नवव्या उन्हानंतर हाताला न चिकटणाऱ्या, दाताखाली चामट, काळ्याभोर. चिनीमातीची बरणी गळ्यापर्यंत भरायची होती, ती निम्म्याहून थोडी वर भरली. इंदुबाईने बरणीचं तोंड तिच्या जुन्या लुगड्याच्या फडक्याने बांधलं, सुतळीचे सात वेढे घेऊन. निघताना मिरियमने सुपं आणि मलमल कुंपणावरून पलीकडे दिली. कुंपणावरून गेलेली ती शेवटची वस्तू.

मे महिन्यात पत्र आलं. मराठीत, मिरियमच्या हाताचं. इंदुबाईला वाचता येत नाही, म्हणून मी वाचलं. माझ्या वाचण्याबद्दल लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र पदरचं एक अक्षर घातलं नाही. गुडघे दुखतात. एझ्रा बरा आहे. सणाच्या रात्री शीराने पहिला घोट घेतला आणि विचारलं, आजी, हे खारट का लागतं? आणि मग पेला रिकामा केला.

"खारं लागणारच," इंदुबाई म्हणाली. "खाडीवर वाळलंय." मग म्हणाली, "शेवटचं परत वाच."

पुढच्या मार्चमध्ये डॅनियलकाका एकदा रस्त्यात भेटले. म्हणाले, सिनेगॉगच्या मनुका संपल्या, बाजारातून आणाव्या लागणार. मी ती बातमी इंदुबाईपर्यंत पोचवली. बुधवारी तिच्या अंगणात सुपं दिसली. कान्हू परत चरफडायला लागला.

शनिवारी सकाळी नऊ वाजता मी ओट्यावर आलो तर इंदुबाईचं अंगण रिकामं. इंदुबाई उंबऱ्यात बसली होती, हात मांडीवर ठेवून.

"इंदुबाय, सुपं बाहेर नाय काढलीस?"

"आज शनिवार."

"शनिवार त्यांचा. तुला काय?"

"मनुका कुनाच्या हायत? मग शनिवार कुनाचा?" ती म्हणाली आणि खाडीच्या दिशेने बघत राहिली. माझ्याकडे बघितलंच नाही.

मी पायरी उतरलो. अर्ध्या वाटेवर थांबून बोटं नाकाशी नेली. मग परत घरात गेलो आणि हिला म्हटलं, "राख कुठे आहे गो?"