मुक्या पाहुण्यांची केस

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. भिवंडीत मी फिजिशियन म्हणून दवाखाना थाटला, तेव्हा त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एका नेत्रतज्ज्ञांचं छोटं हॉस्पिटल होतं. वयाने ते मला बरेच मोठे. जगावेगळ्या केसेस जमवायचा त्यांना नाद. तसा पेशंट सापडला, की ते फोन न करता स्वतः जिना चढून यायचे, आणि त्यांचा चेहरा पाहूनच मला कळायचं.

एका दुपारी ते जवळच्या काल्हेर गावच्या एका आजोबांना हाताला धरून घेऊन आले. बरोबर आजी आणि थोरला मुलगा. आजोबांची बरीचशी शेती गोदामांखाली गेली होती. दोन्ही डोळ्यांचे पडदे मधोमध झिजलेले, वर मोतीबिंदू.

"यांना माणसं दिसतात," नेत्रतज्ज्ञ म्हणाले. "डोळ्यांमुळे असावं असं मला वाटतं. पण डोक्यात काही भानगड नाही ना, ते तू बघ."

मी आजोबांना विचारलं, "बाबा, कसली माणसं?"

"बारकी बारकी. कपाटावर बायका बसल्यान, हिरवी लुगडी नेसून. आन एक बकरा हाय, टोपी घालून."

"भीती वाटते?"

"कसली भीती? चाय मांगत न्हान, पानी मांगत न्हान. असले पावने कुनाला मिलतान?"

आजींनी कपाळाला हात लावला. भगताकडे जाऊन आलो, कोंबडं दिलं, काही फरक नाही, असं त्यांनी सांगितलं.

मी सगळं तपासलं. साखर, थायरॉइड, रक्तातले क्षार, डोक्याचा स्कॅन. स्मरणशक्तीच्या चाचणीत तर आजोबांनीच माझी उलटतपासणी घेतली. सगळं ठणठणीत. म्हणजे नेत्रतज्ज्ञांचा अंदाज बरोबर होता. नजर अधू झाली, की काही जणांचा मेंदू रिकाम्या जागेत आपलीच चित्रं भरतो. माणसाचं डोकं शाबूत असतं, चित्रं खोटी आहेत हेही त्याला कळतं, आणि ती चित्रं मुकी असतात.

मी हे समजावून सांगितलं, तेव्हा थोरल्याला हायसं वाटलं. मोतीबिंदू काढला तर कदाचित हे कमी होईल, असं नेत्रतज्ज्ञ म्हणाले. आजोबा मात्र पायानेच चपला चाचपू लागले.

त्यानंतर ऑपरेशनची तारीख ठरली की त्यांना खोकला व्हायचा, नाहीतर अमावस्या आडवी यायची. आणि एक दिवस थोरला एकटाच माझ्याकडे आला.

"मॅडम, बाबांना आता आमचे आजोबा दिसतात. म्हणजे बाबांचे बाबा."

"दिसू शकतात."

"ते बोलतात. खाडीजवळचा शेवटचा तुकडा गोदामाला द्यायचा नाही, असं सांगतात. आई तर रोज नमस्कार करायला लागलीय. त्या आजारात असं होतं का?"

"बाबांना घेऊन या," मी म्हणाले.

आजोबा आले. मी थोरल्याला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं.

"बाबा, तुमच्या वडिलांचा आवाज कसा येतो? कानात, की समोरून?"

आजोबांनी दाराकडे मान वळवली. मग हळूच म्हणाले, "मुलगा भायेर हाय ना?"

"हो."

"आवाज कुठला, बाई? सगली मुकी हान. बा तर दिसत पन न्हाय. त्या तुकड्यात मी वाल लावतो. तेवढाच रायलाय. माझा कुनी ऐकंना, म्हनून बाला बोलता केला."

मला हसू आवरेना. पण पेशंटने बंद दाराआड सांगितलेलं बाहेर फोडायचं नसतं. बाहेर येऊन मी थोरल्याला एवढंच म्हटलं, "बाबांना माणसं खरोखर दिसतात. जमिनीचं तुम्ही घरातच बोला." तो माझ्याकडे संशयाने बघत राहिला.

पुढचं मला आजींनी सांगितलं. ठाण्याचा एक दलाल घरी आला होता. चहा पिऊन तो सोफ्यावर ऐसपैस बसला आणि कागद काढणार, तोच आजोबा म्हणाले, "शेठ, जरा सरक के बैठो. बा की मांडी पे बैठे हो तुम."

दलाल ताडकन उठला. उभ्याउभ्याच नमस्कार करून गेला, तो पुन्हा फिरकला नाही.

तोवर नेत्रतज्ज्ञांनी या केसवर निबंध तयार केला होता. गावातल्या डॉक्टरांच्या बैठकीत तो वाचायची परवानगी मागितली, तेव्हा आजोबा म्हणाले, "वाचा. नाव घेऊ नका. पन मी येनार."

आणि खरंच आले. कडक इस्त्रीची पांढरी टोपी घालून, थोरल्याला शेजारी घेऊन पहिल्या रांगेत बसले. नेत्रतज्ज्ञ रंगात आले होते. हिरव्या लुगड्यांचं ऐकून डॉक्टर मंडळी खूश झाली, टोपीवाल्या बकऱ्याला टाळ्या पडल्या. मग मागून कुणीतरी विचारलं, "ही माणसं बोलतात का?"

"छे!" नेत्रतज्ज्ञ ठामपणे म्हणाले. त्यांना घरातलं काहीच ठाऊक नव्हतं. "या आजारात आवाज नाहीच. बोलली, तर निदान चुकलं समजा."

थोरल्याने सावकाश मान वळवून वडिलांकडे पाहिलं. मी पायाजवळ पडलेलं पेन शोधू लागले.

"बाबा?" थोरला म्हणाला.

आजोबा शांतपणे म्हणाले, "त्यांच्या पुस्तकात नसंल. आपला बा कुठं पुस्तकात हाय?"

थोरला आधी लाल झाला. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि तो इतका हसला की त्याला हॉलबाहेर जावं लागलं. नेत्रतज्ज्ञ मला खुणेने विचारत होते, काय झालं म्हणून. मी पाणी प्यायले.

तो तुकडा गेला नाही. "मागायचाच होता तर सरळ मागायचा ना," असं थोरला म्हणाला म्हणे. त्यावर आजोबा, "सरल मांगला व्हता, तवा तू मोबाईलवर बोलत व्हतास." थोरल्याने तिथे वालाला कुंपण घालून दिलं.

त्यानंतर ऑपरेशनच्या तारखेला ना खोकला आला ना अमावस्या. पडदे झिजलेले ते तसेच राहिले, पण मोतीबिंदूचा ढग बराच सरला. कपाटावरच्या बायका हळूहळू विरळ झाल्या आणि एक दिवस बकराही गेला. घर ओकंबोकं वाटतं, असं आजोबा आजींबरोबर तपासणीला आले तेव्हा म्हणाले.

"आता कुणीच दिसत नाही ना?" मी विचारलं.

"एक रायलाय. म्हातारा. पांढऱ्या मिश्या, गालफडा बसल्यान. सकाली न्हानीपाशी उभा असतो आन माझ्याकडं बघतो."

मी घाबरून फाईल उघडली. नवीन काय उपटलं, ऑपरेशन बिघडलं की काय, पुन्हा स्कॅन करावा का, एवढं सगळं माझ्या मनात येऊन गेलं.

"आरसा हाय तो," आजी म्हणाल्या. "लिहू नका काय."

आजोबा खुर्चीत मागे रेलून, तोंडावर पंचा धरून हसत होते.