राखेच्या आतलं

वडील गेले तोवर या जगात माझ्या नावाचं म्हणून काहीच नव्हतं. लग्नातला एक पितळी लोटा होता, पण त्यावरही कोरणाऱ्यानं यांचंच नाव टाकलं होतं. वडिलांना मी एकटीच, आई आधीच गेलेली. नवा कायदा तेव्हा नुकताच आला होता. बापाच्या मागे लेकीला हक्क, आणि तोही पूर्ण. त्याआधी बाईला जमीन मिळालीच तर जगेपर्यंत पिकवून खायची, विकायची नाही, कुणाला द्यायची नाही. आता तसं नव्हतं. शेत माझं म्हणजे माझंच, त्याचं मी वाटेल ते करू शकत होते. मूल गावातल्या आमच्या दोन खोल्यांत भात शिजवताना हे मी मनातल्या मनात म्हणून बघायची, आणि खरं सांगते, अंगावर काटा यायचा.

गंमत अशी की ते शेत मी कधी पाहिलंच नव्हतं. वडील जन्मभर मूलच्या धानगिरणीत कामाला होते आणि गोंडपिपरीकडच्या जंगलाला लागून असलेली ती जमीन त्यांनी अर्ध्या पिकावर बटाईनं दिलेली. फाल्गुनात पटवारी गावात येणार असं कळलं, तेव्हा आम्ही दोघं फेरफारासाठी निघालो. यांनी आपलं शिवणयंत्र झाकून ठेवलं आणि वाटभर मला 'मालकीणबाई' म्हणून चिडवत राहिले. मला राग येत होता आणि आवडतही होतं.

चावडीत पटवाऱ्यानं बोट ठेवलं तिथं मी सही केली. अंगठा पुढं करायला तो शाईचा डबा उघडत होता. मी म्हटलं, मी चौथी शिकलेली आहे, डबा मिटा.

ऊन उतरल्यावर बटाईदार आम्हांला शेतावर घेऊन गेला. धानाच्या बांध्या वाळून भेगाळल्या होत्या. पलीकडे साग आणि ऐन निष्पर्ण उभे. मी पायातल्या वहाणा काढल्या आणि माझ्या मातीवर उभी राहिले. काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. थोडी भीतीच वाटली, एवढं मोठं काही आपलं असू शकतं याची. शेताच्या मध्यावर, दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर, एक मोहाचं झाड होतं. दोघांच्या कवेत मावणार नाही असं खोड, पानं सगळी झडलेली आणि फांदीफांदीला कळ्यांचे घोस.

"याच्या सावलीत धान भरत नसंल," हे म्हणाले. बटाईदार म्हणाला, नाहीच भरत, तेवढ्या बांधीत नुसता पोचा निघतो.

मग माझं लक्ष खाली गेलं. झाडाखालचा पालापाचोळा कुणीतरी जाळला होता. काळ्या राखेचा मोठा गोल, आणि आतली जमीन ओसरीसारखी झाडून काढलेली. माझ्या शेतात, मला न विचारता, विस्तव लावला होता. मालकीण होऊन मला अजून एक दिवसही झाला नव्हता आणि माझं डोकं तापलं.

"ते गोंडीन बुढीचं काम," बटाईदार म्हणाला. "फुलं येचाले भुई साफ करते. मोहा तिचा हाये ना."

"तिचा कसा? शेत माझं आहे."

"शेत तुमचं, बाई. फूल तिचं." एवढंच म्हणून तो बिडी पेटवायला लागला. त्याच्या दृष्टीनं त्यात समजावण्यासारखं काही नव्हतं.

आम्ही तडक चावडीवर गेलो. पटवारी तोंड धूत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं, मालगुजार होते तोवर झाडांवर मालगुजारांचा हक्क होता, कोण फुलं वेचतो याकडे कुणी बघत नव्हतं. आता मालगुजारी गेली. ज्याचं शेत, त्याचं झाड. परवानगी काढा, खुशाल पाडा. बुढी अडवू शकत नाही.

हे खूश झाले. गावात झाडं कापणारे आरावाले होते, त्यांच्याशी बोलणंही करून आले. झाड गेलं की ती बांधी पिकेल, आणि लाकूड निघेल ते वेगळंच. मीच म्हटलं, "त्या बाईला मी सांगते. माझं शेत आहे, मी सांगते." हे बोलताना माझा आवाज जरा चढलाच असणार, कारण हे हसले.

रात्री बटाईदाराकडेच मुक्काम होता. उजाडता उजाडता मी एकटीच शेतावर गेले. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. पण झाडापाशी पोचायच्या आधीच पाय थांबले. वारा नव्हता, फांदी हलत नव्हती, आणि मोहा गळत होता. एकेक फूल, सावकाश, टप्प करून. इथं पडे, तिथं पडे, मग चार एकदम. झाडून काढलेल्या काळ्या भुईवर ती फिकट पिवळी फुलं पसरलेली, आणि वास असा गोड की घशात उतरत होता. रात्रीतून एवढं सगळं झाड आपणहून देत होतं, कुणी हात न लावता. मी लग्न, बाळंतपण, मरण पाहिलं होतं. पण हे पाहून मला जसं वाटलं तसं आधी कधी वाटलं नव्हतं. हात आपसूक जोडले गेले.

राखेच्या गोलात तिघी बसून वेचत होत्या. म्हातारी, तिची लेक आणि लेकीची लेक. म्हातारीनं मान वर केली.

"कोन वो बाई तू?"

"या शेताची मालकीण."

"त्या गिरनीवाल्याची पोर? बरं झालं आली. बस इथी." आणि तिनं टोपली सरकवून मला जागा करून दिली. माझ्याच शेतात तिनं मला पाहुणी करून टाकलं. मी बसले मात्र.

घोकलेलं सगळं विसरले होते. मी नुसतं विचारलं, "हे झाड तुम्हांला कुणी दिलं?"

"मायनं देल्लं. माह्या लग्नात. मायले तिच्या मायनं. तवा ही जमीन आमची होती. मंग माह्या बापानं तुया आज्याले इकली." तिचा हात वेचतच होता. "जमीन बापाची होती, त्यानं इकली. मोहा मायचा होता. तो कसा इकन?"

 मग तिनं विचारलं, शेत माझ्या नावावर कसं झालं. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं की सरकारनं कायदा केला आहे, आता बापाचं लेकीला मिळतं.

म्हातारी वेचायची थांबली. तिला खरोखर नवल वाटलं होतं. "पोरीले द्या लागते, हे सरकारले आत्ता समजलं का?"

 कायद्यानं मिळालेल्या ज्या हक्काचं मला एवढं अप्रूप होतं, तो या झाडाखाली आया लेकींना देत आल्या होत्या, कागद नाही, सही नाही. आणि तोच कायदा हातात घेऊन मी ते मोडायला आले होते. लाज वाटली म्हणावं तर तसंही नाही. एखाद्या मोठ्या देवळात चुकून जोड्यासकट शिरावं, तसं काहीतरी झालं.

इतक्यात एक फूल राखेच्या बाहेर, धुऱ्याच्या गवतात पडलं. नात उचलायला वाकली तर म्हातारीनं तिचा हात धरला. "ते आपलं नाई. राखेच्या आतलं आपलं, बाहेरचं शेतवाल्याचं." मग मला म्हणाली, "उचल, बाई. तुयं हाये."

मी उचललं. ओलसर, रसानं भरलेलं. मालकीण म्हणून माझ्या शेतातून मी घेतलेलं ते पहिलं पीक. तिथंच खाल्लं. म्हातारीनं सांगितलं, वाळवून ठेवतो, पावसाळ्यात घरात दाणा नसला की याच्यावरच दिवस काढतो.

परत आले तर आरावाले बटाईदाराच्या ओसरीत चहा घेत बसले होते. मी म्हटलं, "झाड पडणार नाही."

हे चकित झाले. "अगं, कायदा तुझ्या बाजूनं आहे."

"आहे ना. म्हणूनच सांगते. शेत माझं आहे, मी नाही म्हणते."

आरावाले यांच्याकडे बघायला लागले. हे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मालकीणबाई म्हणतात तसं," आणि या वेळी ते चिडवत नव्हते. नवऱ्याचा मला इतका अभिमान वाटलेला दुसरा दिवस आठवत नाही.

निघण्याआधी मी पटवाऱ्याला गाठलं. म्हटलं, माझ्या नावापुढं लिहा, फूल तिचं. त्यानं कागद उलटापालटा केला. "झाडाला रकाना आहे, बाई. फुलाला नाई." मी वाद घातला, पण रकाना नव्हताच.

शेत माझ्याकडे होतं तोवर त्या बांधीत कधी धान भरलं नाही. म्हातारी गेली, तिच्या लेकीनं वेचलं, आता नात वेचते. मी शेत माझ्या लेकीच्या नावावर केलं, त्या फाल्गुनात तिला मोहाखाली नेलं. राखेची कड पायानं दाखवली आणि सांगितलं, इथपर्यंत तुझं नाही.

ती शिकलेली पोर. तिनं लगेच विचारलं, "हे कुठी लिवून हाये का?"

"नाई," मी म्हटलं. "म्हनून तर सांगून राह्यली तुले."