चौथा नमुना

जनुकं तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे बिघाडेसाहेब म्हणत, कारण काही बिघडल्याशिवाय त्यांची आठवण कुणाला होत नसे. काम कॉम्प्युटर सांभाळायचं. रक्तातून वाचलेल्या लाखो अक्षरांत दोष कुठे आहे, हे शोधायला जगभरच्या लोकांनी लिहून फुकट वाटलेली एक लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा गठ्ठा, होती. ती बसवायची आणि चालती ठेवायची.

त्या दिवशी तिची नवी आवृत्ती आली. नमनालाच घडाभर तेल गेलं. तिला हवी दुसरी लायब्ररी, त्या दुसरीला तिसरी. एकाला जेवायला बोलवावं तर तो चौघांना घेऊन येतो, तसं. दुपारी एकदाची बसली. साहेबांना आनंदबिनंद काही झाला नाही. वर्षापूर्वी ताई गेली, तेव्हापासून त्यांना कशाचंच काही वाटत नसे. जेवलात का विचारलं, तर आधी डबा उघडून बघत.

ताईचा आजार रक्तातून पुढे जाणारा. आज तिच्या मुलीचा नमुना रांगेत होता. निकाल आला की भाचीला तुम्हीच फोन करा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं.

पण नवीन काही बसवलं की आधी दोष आहे हे माहीत असलेले दहा जुने नमुने चालवून बघायचे, असा तिथला शिरस्ता. त्यांतला चौथा ताईचा. तिच्यात दोष सापडला, की लायब्ररी नीट बसली असं समजायचं.

पडद्यावर आलं : नमुना चार, दोष नाही.

दहाच्या दहा निर्दोष. म्हणजे आपलंच काहीतरी चुकलंय, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी साहेब हात मांडीवर ठेवून बसून राहिले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना काहीतरी हवंसं वाटलं, आणि ते एवढंच होतं, की ती ओळ तशीच राहावी.

चहा निवला. मग त्यांनी घोडं कुठे पेंड खातंय ते शोधलं. दोषांच्या जुन्या यादीत अक्षरं एकापासून मोजलेली, नवी लायब्ररी मोजायची शून्यापासून, आणि ते जुळवायचं साहेब विसरले होते. त्यामुळे ती दर वेळी शेजारचंच अक्षर तपासत होती. त्यांनी एक आकडा बदलला आणि पुन्हा चालवलं.

नमुना चार, दोष सापडला.

शेजारच्या टेबलावरची तंत्रज्ञ म्हणाली, सुटलात साहेब. त्यांनी मान हलवली आणि भाचीचा नमुना लावला. निकाल दोनदा वाचून त्यांनी फोन केला.

"मामा, काय आलं?"

"तुझ्यात नाही."



"नक्की ना? मशीन चुकत नाही ना?"

"नक्की," ते म्हणाले. "तुझ्या आईत सापडला, म्हणून नक्की."