चुंबकाला सोनं कळत नाही

आमच्या घरी रेडिओ नव्हता, पण स्पीकरमधलं चुंबक होतं. लग्नाच्या मांडवात फाटलेला एक मोठा स्पीकर बाबांनी भंगारवाल्याकडून आणला, फोडला आणि त्यातलं ताटलीएवढं चुंबक दोरीला बांधलं. आमचं घर कन्हान नदीच्या काठावर, पुलापासून हाकेच्या अंतरावर. पुलावरून बस जाताना खिडकीतून एखादा हात बाहेर यायचा, नाणं नदीत पडायचं आणि तोच हात मग कपाळाला लागायचा. ते नाणं बाबा पाण्यातून काढायचे. वीटभट्टीवर काम असलं की भट्टीवर, नसलं की कमरेएवढ्या पाण्यात.

चुंबकाला नवी, स्टीलची नाणी चिकटायची. जुनी जाड नाणी त्याला भीक घालत नसत, त्यांच्यासाठी लोखंडी जाळीची चाळणी होती. थंडीत बाबा पाण्यातून बाहेर यायचे तेव्हा त्यांच्या बोटांना दोरीची गाठ सुटत नसे. मी दातांनी सोडवायची. त्या दोरीची चव अजून माझ्या जिभेवर आहे.

बाबांचा हिशेब साधा होता. "टाकलेलं ते नदीचं, अन् नदी आपल्याले देते. पडलेलं ते ज्याचं त्याचं." एकदा चाळणीत पायातली चांदीची तोरडी आली. तोरडी कोणी टाकत नाही, पडतेच. बाबा काठावरच्या वस्तीत दोन दिवस विचारत हिंडले, मालकीण शोधून काढली आणि तोरडी तिच्या हातावर ठेवली. ती बाई म्हणाली, "अन् दुसरी कोठी हाये?" बाबांनी हात जोडले आणि घरी आले. त्यानंतर असं काही सापडलं की ते काठावरच्या मारोतीच्या पुजाऱ्याकडे ठेवून द्यायचे. तोंड दाखवायला जात नसत.

मायचं काम त्या मारोतीच्याच समोर होतं. नागपूरची माणसं हिवाळ्यात तिथं रोडग्यांचा नवस फेडायला येतात. कणकेच्या लहान लहान पोळ्या लाटायच्या, तेलाचं बोट फिरवून एकावर एक ठेवायच्या, बाहेरून एक मोठी पोळी गुंडाळून गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा, हा रोडगा. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. सामान लोकांचं; गोवऱ्या, परात आणि हात मायचे. तिच्या रोडग्याला आतून पदर सुटायचे. त्यासाठी लोक तिचं घर विचारत यायचे.

मी आठवीत होते तेव्हा अशा एका जेवणावळीत कोणाची तरी चेन हरवली. सगळ्यांनी वाळू चाचपली आणि मग सगळे मायकडे पाहायला लागले. तिच्या पिशवीत लाटणं, फडकं आणि आमच्यासाठी बांधलेले दोन रोडगे होते. ते वाळूवर ओतलं गेलं. मग एक बाई म्हणाली, निऱ्या झटका. मायनं झटकल्या. मी पाण्याची बादली धरून उभी होते.

चेन त्यांच्याच गाडीच्या सीटखाली होती. हे आम्हाला पुढच्या वर्षी कळलं, तीच माणसं पुन्हा रोडगे सांगायला आली तेव्हा. हसत हसत सांगितलं त्यांनी. माय तरीही त्यांच्या कामाला गेली.

"काहून गेली वं माय?" मी संध्याकाळी विचारलं.

"नाई गेली असती तं म्हणले असते, पाहा, तोंड लपवून राहिली."

तेव्हापासून तिनं एक गोष्ट सुरू केली. काम आटोपलं, भांडी घासून झाली की निघायच्या आधी ती आपली पिशवी मालकिणीसमोर उलटी करायची. कोणी मागितलेलं नसताना. काही बायका ओशाळायच्या, काही बारकाईनं पाहायच्या. माय सामान पुन्हा भरायची आणि म्हणायची, "येतो मग बाई." मला ते पाहवत नसे. मी कॉलेजात जायला लागल्यावर रविवारी तिच्यासोबत जाणं टाळायची, ते त्यामुळं.

मी कामठीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले. आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांत कॉलेजात गेलेली मी पहिली. हे सांगताना माझा आवाज चढतो असं लोक म्हणतात. चढू द्या. आता मी हिंगण्याच्या एमआयडीसीत, शेव-चिवड्याच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. सकाळी ऑटोमोटिव्ह चौकातून मेट्रो, सीताबर्डीला गाडी बदलायची, पुढं कंपनीची बस. तिथं प्रत्येक पाकीट पट्ट्यावरून एका चौकटीखालून जातं. आत लोखंडाचा कण जरी असला तरी पट्टा थांबतो आणि पाकीट बाजूला ढकललं जातं. ती चौकट बरोबर चालते की नाही हे बघायचं काम माझं. लोखंडाचा, पितळेचा, स्टीलचा बारीक मणी मी मुद्दाम त्याखालून पाठवते आणि यंत्रानं तो धरला की पुढं जाते.

पहिल्या दिवाळीच्या बोनसमध्ये मी बाबांसाठी हातात धरायचं मेटल डिटेक्टर मागवलं. दांड्याच्या टोकाला तबकडी असते. ती वाळूवरून फिरवायची, खाली धातू असला की शिट्टी वाजते. तोवर बाबांचे गुडघे गेले होते, पाण्यात उतरणं बंद होतं. समुद्रावर लोक हे घेऊन फिरतात हे मी मोबाइलवर पाहिलं होतं. आमच्याकडे समुद्र नाही, पण वाळू आहे.

बाबांनी ते हातात घेऊन तोललं. "सोनं कळते काय याले?"

"कळते. चांदी, तांबं, सगळंच."

"माह्या चुंबकाले तं सोनं कधी कळलंच नाई." त्यांनी तबकडी मायच्या पायाजवळ नेली. जोडव्यांवर शिट्टी वाजली. माय म्हणाली, "आता मले घरातई सोडू नका."

रविवारी सकाळी बाबा कोरड्या वाळूत फिरायचे, थकले की स्टुलावर बसायचे. मिळायचं काय, तर बाटल्यांची झाकणं, खिळे, एखादं नाणं. गुटख्याच्या पुड्यांची चांदी अगदी अंगठीसारखी वाजते. बाबा प्रत्येक पुडी उचलून तिला शिवी द्यायचे आणि खिशात टाकायचे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. इतवारीतलं एक व्यापारी कुटुंब आलं होतं. मुलाचं लग्न जमावं म्हणून त्याच्या आईनं नवस बोलला होता, ते झालं म्हणून मारोतीला रोडगे. रविवार होता, मायचा हात दुखत होता, म्हणून मीही गेले. नैवेद्याचे पाच रोडगे नवसाच्या घरच्या बाईनं स्वतः करायचे असतात. सासूबाईंनी ते नव्या सुनेला करायला लावले. पोरगी शहरातली, तिनं कधी कणीक एवढी मळली नसावी. कोपरापर्यंत तेल. माय तिला शिकवत होती आणि ती हसत होती.

जेवणं झाली, हात धुताना सून आपल्या बोटाकडे पाहत राहिली. अंगठी नव्हती. साखरपुड्याची, सासरची, बोटाला जरा सैल म्हणून आतून दोरा गुंडाळलेली.

सगळ्यांनी वाळू चाचपली. सासूबाई म्हणाल्या, "परातीत तर नाही ना गेली? बाई, तुमच्याच परातीत हात घातला होता हिनं."

"परात म्या घासली बाई. काई नोतं तिच्यात."

"तुम्हीच घासली," सासूबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

मायनं पिशवी उचलली. तिचे हात पिशवीच्या तोंडाशी गेले आणि मी आठवीतली झाले. फक्त या वेळी माझ्या हातात बादली नव्हती.

"माय, पिशवी खाली ठेव," मी म्हणाले. "आधी वाळू पाहू. माझ्याकडे मशीन आहे."

मी घरी धावले. मशीन घेतलं, बाबांना हाक मारली. ते स्टूल घेऊन मागून आले.

सासूबाईंचे यजमान म्हणाले, "हे ऑनलाइनचं खेळणं सोनं शोधणार?"

"तुमची अंगठी द्या," मी म्हणाले. त्यांनी दिली. मी ती वाळूत दाबली, वरून वाळू सारखी केली आणि तबकडी फिरवली. शिट्टी वाजली. यजमानांनी अंगठी स्वतःच्या हातानं काढून घातली आणि मागे सरकले.

चुलीपासून सुरुवात केली. झाकण. रुपया. सेफ्टी पिन. गुटख्याची पुडी, तिच्यावर सून धावली आणि परत बसली. बाबा स्टुलावरून म्हणाले, "दाबून धर वं, हवेत काय फिरवून राहिली?" जिथं कणीक मळली तिथं, जिथं हात धुतले तिथं, देवळाच्या पायरीपर्यंत मी सगळी वाळू पट्ट्यापट्ट्यानं तपासली. राखही तपासली. काही नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी स्वतःच मायला अडकवलं होतं. आधी अंगठी वाळूत असेल असं म्हणता तरी येत होतं. आता वाळूत नाही हे मीच सगळ्यांसमोर सिद्ध केलं होतं. मग उरलं कोण? सासूबाईंची नजर पिशवीवर होती. मायचीही.

मी मशीन खाली टेकवलं आणि कारखान्यात करते तसा विचार केला. परातीत काय गेलं आणि परातीतून काय बाहेर आलं? कणीक गेली, रोडगे आले. पंगतीतले रोडगे मायनं केले होते, ते खाल्ले गेले, कोणाचा दात वाजला नाही. सुनेनं केलेले पाच कोणी खाल्लेच नव्हते. ते देवाला दाखवून पळसाच्या पानात गुंडाळून बांबूच्या टोपलीत ठेवले होते, घरी प्रसाद म्हणून न्यायला.

"ती टोपली इकडे आणा," मी म्हणाले.

सासूबाई उभ्या राहिल्या. "देवाच्या नैवेद्यावरून ती मशीन फिरवणार?"

"लावत नाही. वरून फिरवते."

"काहीतरीच."

बाबा म्हणाले, "बाई, मारोतीले तं नुसती शिट्टी ऐकू येईन. शिट्टीनं काई नैवेद्य बाटत नाई."

यजमान हसले. तेवढ्यात सूनच उठली, टोपली उचलून माझ्यासमोर ठेवली. "मीच लाटले होते, आई," ती सासूला हळूच म्हणाली.

मी तिला पाची रोडगे पळसाच्या पानांवर वेगवेगळे मांडायला सांगितले. पहिला गप्प. दुसरा गप्प. तिसऱ्यावर तबकडी नेली आणि शिट्टी वाजली. मी तबकडी बाजूला नेली, पुन्हा आणली. पुन्हा वाजली.

सून हात पुढं करत होती. मी तिला थांबवलं. "तुम्ही नाही. आईंनी फोडावा." ज्यांना संशय होता त्यांच्याच हातून अंगठी निघायला हवी होती.

सासूबाईंनी रोडगा घेतला. वरचं कवच कडक झालं होतं, त्यांनी दोन्ही अंगठे घालून फोडला. आत पदर सुटलेले होते. त्या पदरांमध्ये अंगठी होती, तेलाकणकेनं माखलेली, दोरा सुटलेला.

मी तिथंच वाळूत बसले आणि दीर्घ श्वास घेतला, अर्ध्या तासात पहिला. सून रडत होती आणि हसतही होती. यजमान म्हणाले, "मारोतीनंच आहेर ठेवून घेतला होता." बाबांनी स्टुलावरून मान डोलावली, जणू सगळं त्यांनीच शोधलं.

सासूबाई अंगठी पदरानं पुसत मायजवळ आल्या. "बाई, तुमच्या पोरीनं लाज राखली."

"कोणाची वं बाई?" माय म्हणाली.

सासूबाईंनी अंगठी सुनेच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "आमची." आणि मायचा दुखरा हात हातात घेतला. मायनं घेऊ दिला.

भांडी घासून झाली. गाडीत सामान चढलं. माय पिशवी घेऊन उभी राहिली, सवयीनं तिचे हात पिशवीच्या तोंडाशी गेले. सासूबाई समोरच होत्या. मायनं पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवी तशीच खांद्याला अडकवली.

"येतो मग बाई," ती म्हणाली.

वाटेत बाबांनी मशीन हातात घेतलं होतं, रस्त्याच्या कडेनं उगाच वाजवत चालले होते. मला एवढी भूक लागली होती की मी मायच्या पिशवीतला एक रोडगा काढून चालता चालता खाल्ला. गार झाला होता. "दात सांभाळ," बाबा म्हणाले, आणि माय हसायला लागली ती घरापर्यंत.

ते कुटुंब या हिवाळ्यात पुन्हा आलं. सुनेनं नैवेद्याच्या कणकेत हात घालण्याआधी अंगठी काढली आणि सांभाळायला मायच्या हातात दिली.

माय अजून रोडगे करते. पिशवी मात्र आता कोणासमोर उलटी करत नाही.