दोन मिनिटं सोडलेला नळ

टापटीपकाका हे नाव त्यांना पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत उगीच पडलं नव्हतं. सव्वीस वर्षं घरोघरचे नळाचे नमुने आणले, पण बाटली तीनदा विसळल्याशिवाय आणि घड्याळ लावून दोन मिनिटं नळ सोडल्याशिवाय थेंब भरला नाही. जंतू शोधायला ती रीत बरोबरच होती.

मग पाण्यातलं शिसं ओळखणारा नवा सेन्सर आला. कुपीत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचं लाल पाणी. नमुन्यात शिसं असलं की ते निळं पडायचं. प्रयोगशाळेतल्या नव्या बाई म्हणाल्या, "काका, याला नळ सोडायचा नाही हं. रात्रभर पाइपात मुरलेलं पहिलंच पाणी हवं, पाइपातलं शिसं त्यातच उतरतं." काकांनी मान हलवली आणि केलं आपलंच. तोटीशी साचलेली घाण बाटलीत घ्यायची? कालची पोर मला शिकवणार!

त्यातच पाच वर्षांच्या नातीचं पोट दुखायला लागलं. येत असलेले शब्द ती विसरू लागली. डॉक्टरांनी तिच्या रक्तात शिसं असल्याचं सांगितलं. काकांनी त्याच दिवशी घरचं पाणी तपासलं. लाल. पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात, लालच.

"आपलं पाणी चोख आहे, दुसरीकडे शोध," ते सुनेला म्हणाले. तिनं खेळणी फेकली, भिंतीचा रंग खरवडला, भांडी बदलली. पोरीच्या रक्तातलं शिसं वाढतच गेलं. सून रडून रडून अर्धी झाली. काकाही खचले, पण नळावर त्यांनी संशय घेतला नाही. शहाण्या माणसाची ही खोड फार वाईट.

एका रविवारी सकाळी काकांची कंबर धरली. त्यांनी सुनेला बाटली भरून आणायला सांगितली. तिनं रोज पोरीच्या दुधात घालायला घ्यायची तसं उठल्या उठल्या पहिलंच पाणी धरलं. काकांनी त्यात कुपीतले थेंब टाकले.

निळं झालं.

"बाबा," सुनेनं विचारलं, "मग तुम्ही भरायचात तेव्हा लाल कसं यायचं?"

काकांना खोटं बोलता आलं असतं. "मी आधी नळ सोडायचो," ते म्हणाले. "दोन मिनिटं. मला सांगितलं होतं, सोडू नका म्हणून."

सुनेनं पोरीच्या हातातला दुधाचा पेला हिसकावून सिंकमध्ये ओतला.

"अगं आई, मी अर्धं प्यायले ना," नात म्हणाली.