चुकलेली टाळी

दर मंगळवारी दुपारी आमच्या सोसायटीच्या देवळात बायकांचं भजन असतं. नलूताई माझ्या शेजारी बसतात. त्यांची टाळी कधी ठेक्यात पडत नाही. मी गाता गाता मनातल्या मनात त्यांना नापास करते. पण दुसऱ्याच अभंगाला त्यांचे डोळे भरून येतात आणि माझा नुसता जळफळाट होतो. इतकी वर्षं सुरात गाऊन माझे डोळे कोरडे ते कोरडेच! देवाला ठेका कळत नाही की काय?

आज कसं कोण जाणे, गाता गाता मी डोळे मिटले. आत खूप खोल कुठेतरी शांत झालं. तिथे नलूताई नव्हत्या आणि त्यांच्यावर जळणारी मीही नव्हते. नुसता सूर होता.

आरतीनंतर माझ्या हातावर शिरा ठेवत नलूताई हळूच म्हणाल्या, "आज तुमचीही टाळी चुकली हो! बरं वाटलं मला. दर वेळी तुमचे हात बघून वाजवायला जाते आणि हमखास चुकते. फार हेवा वाटतो तुमचा."

म्हणजे मी त्यांचे डोळे बघत होते आणि त्या माझे हात. देव बिचारा समोर एकटाच उभा होता.