तिसऱ्या शीलापाशी अडलेला आवाज

आसेगावच्या आमच्या विहारात रोज संध्याकाळी वंदना होते. पंचशील म्हणताना तिसऱ्या शीलापाशी, व्यभिचारापासून दूर राहीन या ओळीवर, माझा आवाज अडायचा. बाहेरगावी कामाला असताना एकदा माझं पाऊल घसरलं होतं. गावी परतल्यावर काही दिवसांतच लघवीला जळजळ सुरू झाली, स्राव येऊ लागला. लाजेपोटी कुणाशी बोललो नाही. माझ्या अबोल्याला कंटाळून बायको इंझोरीला माहेरी निघून गेली. एकट्याने ताट वाढून घेतलं की तिच्या आठवणीने घास उतरत नसे.

एकदा वाशिमला जाताना लघवीसाठी मला दोनदा बस थांबवायला लावावी लागली. लोक हसले. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या निवृत्त नर्स होत्या. हळूच म्हणाल्या, "जळजळ होते ना बापू? काहून लपवून राह्यला? चाल माह्यासंगं." उतरल्यावर त्यांनी मला थेट सरकारी दवाखान्यात नेलं, डॉक्टरांच्या दारापाशी सोडलं आणि आपल्या वाटेने गेल्या. त्यांचं नाव विचारायचंही राहून गेलं.

तपासणीत संसर्गाने मूत्रमार्गाला आलेली सूज निघाली. डॉक्टर म्हणाले, अंगावर काढलं तर मार्ग अरुंद होतो, सूज अंडकोषापर्यंत जाऊ शकते. गोळ्या मधेच सोडू नका, संपल्या की पुन्हा तपासणीला या. "आणि बायकोलाही आणा. तिला काही जाणवत नसलं तरी संसर्ग आत पसरला तर मूल होण्यात अडचण येते."

दुसऱ्या दिवशी इंझोरीला गेलो. अंगणात उभ्याउभ्याच तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले वाटे, माहंच काई चुकलं." त्या शब्दांनी मी जितका रडलो तितका आजारानेही रडलो नव्हतो. ती दवाखान्यात आली, तिने गोळ्या पूर्ण घेतल्या. पण राहिली माहेरीच.

आता मी बरा आहे. आमच्या धम्मात कुण्या देवाकडे काही मागायचं नसतं. तरी त्या बाईंना त्या दिवशी माझ्याच शेजारी जागा कशी मिळाली, हे मला कळत नाही. मी नुसते हात जोडतो. खरं सांगून टाकणं एवढंच माझ्या हाती होतं. पुढचं बायकोवर सोडलंय. वाट मात्र रोज बघतो.

परवा तिचा फोन आला. "तपासणीले जाऊन आले का तुमी?"

"आलो," म्हणालो.

तिने फोन लगेच ठेवला नाही. मी जेवलो का, तेही विचारलं.